रोही मारायची परवानगी महिना बघून द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रोही म्हणजे नीलगाय आणि रानडुकरं यांच्या त्रासाबद्दल आपल्या दैनिकात सध्या पत्रांवर पत्रं येत आहेत. कोणी म्हणतं कास्तकाराला बंदूक द्या, कोणी म्हणतं बाहेरून नेमबाज आणा, कोणी म्हणतं जिवाला हात लावू नका, कुंपण द्या. बंदूक कोणी धरायची यावर एवढा वाद चालला आहे, पण ती कोणत्या महिन्यात धरायची हे विचारताना अजून कोणी दिसलं नाही. म्हणून हे पत्र.

मी कारंजा तालुक्यातला कोरडवाहू कास्तकार. सोयाबीन, तूर, थोडी पऱ्हाटी म्हणजे कपाशी, विहिरीला पाणी टिकलं तर हरभरा. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आमच्या शिवारापासून फार लांब नाही, त्यामुळे काळवीट, रोही, डुक्कर तिन्ही आमच्या वावरात येतात. गळ्यात माळ आहे, 'मारा' हा शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही. पण न मारण्याच्या नावाखाली काय चाललं आहे तेही दिसतं. सौर झटका मशीन परवडत नाही म्हणून लोक रात्री धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तारेत सरळ लाइनीचा करंट सोडतात. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, जागलीला निघालेला माणूसही मरतो. विदर्भातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

मुलगी आणि जावई अमेरिकेत वायोमिंग राज्यात कॅस्पर या गावी असतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे जाणं झालं, तेही नेमकं सोयाबीन काढणीच्या दिवसांत, वावर धाकट्या भावावर टाकून. तिथल्या माळरानावर प्राँगहॉर्न नावाचं जनावर असतं. लांबून काळवीटच वाटतो, पण कूळ निराळं. काळविटाचं शिंग जन्मभराचं. याच्या शिंगावरचं आवरण दर वर्षी गळतं आणि नवं येतं. ताशी 85 ते 90 किलोमीटरपर्यंत पळतो, उत्तर अमेरिकेत याच्याहून वेगवान जनावर नाही. आणि एवढा पळणारा गडी तारेचं कुंपण आलं की सहसा उडी मारत नाही, वाकून खालून निघतो. आमच्याकडे रोही वरून उडतो आणि डुक्कर खालून घुसतं, त्यामुळे कुंपण विकणाऱ्याचं तेवढं बरं चाललं आहे.

जावयाच्या कामावरच्या एका माणसाला त्या वर्षी या शिकारीचा परवाना लागला होता. लागला म्हणजे सोडतीत. तिथे अख्ख्या राज्याचे शिकारीसाठी भाग पाडलेले आहेत, प्रत्येक भागाला नंबर. विमानातून पाहणी करून जनावरांचा अंदाज घेतात. मग कोणत्या भागात किती परवाने, मादी-पिल्लांचे वेगळे किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं आधी जाहीर होतं. धनुष्यबाणाचा हंगाम बऱ्याच भागांत 15 ऑगस्टला सुरू होतो. बंदुकीचा त्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि तोही सगळीकडे एकाच दिवशी नाही. 2022-23 च्या हिवाळ्यात बर्फानं राज्याच्या पश्चिम भागात प्राँगहॉर्न फार मेले, तर पुढच्या हंगामाचे परवाने कमी करण्यात आले.

हा माणूस हंगाम उघडला त्या दिवशी घरीच बसला. परवाना खिशात असून हा जात का नाही, मला कळेना. त्यानं समजावलं ते जावयानं मराठीत करून सांगितलं. पहिल्या दिवशी पंढरीच्या वाटेवर असावी तशी गर्दी. पहाटेच्या अंधारात प्रत्येक कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी गाड्या, भगव्या-गुलाबी भडक जाकिटांतली माणसं. कायद्यानं सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडता येते, आणि त्या अर्ध्या तासात चहूकडून बार सुरू होतात. या जनावराची नजर भयंकर तेज, रान उघडं. एक कळप बिथरला की मैलभर पळतो आणि वाटेतल्या दुसऱ्या कळपालाही उठवतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघावं तर सरकारी रान रिकामं आणि सगळी जनावरं मोठमोठ्या खासगी कुरणांत, रस्त्यापासून लांब. मालकाला विचारल्याशिवाय तिथे पाय ठेवता येत नाही. राज्याच्या दक्षिण भागात तर एकोणिसाव्या शतकात रेल्वेला दिलेल्या जमिनींमुळे एक चौकोन सरकारी आणि शेजारचा खासगी असा मामला आहे. जनावर डोळ्यांसमोर उभं, पण पलीकडच्या चौकोनात.

म्हणून हा दहा-बारा दिवस थांबला. तोवर निम्मे परवानेवाले आपलं उरकून घरी गेलेले असतात, बार थंडावतात, कळप हळूहळू जुन्या चरणीवर परत येतात. थंडी पडल्यामुळे मांसही लवकर खराब होत नाही. थांबण्यात तोटाही आहे, तो त्यानं लपवला नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत त्यांचा माजाचा काळ. नर माद्यांच्या मागे असतात, माणसाकडे लक्ष कमी. तो काळ हातचा जातो, आणि मग वारा, बर्फ कधी आडवं येईल सांगता येत नाही. तरी त्यानं रविवार टाळून आठवड्याच्या मधला दिवस धरला. मी गाडीतून दुर्बिणीनं बघत होतो. गडी खुरट्या करड्या झुडपांतून पोटावर सरकत राहिला, माझा डोळा लागायची वेळ आली. मग एकच बार. मी पाठ फिरवून पांडुरंगाचं नाव घेतलं. तो मात्र जनावराला परवान्याची चिठ्ठी बांधून, जनावर साफ करून दुपारच्या आत घरी.

तिथली शिकारीची हौस आपल्याकडे आणा असं मी म्हणत नाही. आपला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तिला जागा देत नाही, ते बरंच आहे. (तिकडे 1937 पासून बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी जातो आणि गेल्या शतकाच्या सुरुवातीला काही हजारांवर आलेला प्राँगहॉर्न आज लाखांत आहे. माळकऱ्याला हे पचायला जड, पण खरं आहे.) मी आणलं ते एवढंच, की जनावर आणि बंदूक यांच्यामध्ये तारीख असते, आणि ती विचार करून ठरवावी लागते.

आपल्याकडे काय होतं? उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी देण्याची सोय त्याच कायद्याच्या कलम 11 मध्ये आहे, आणि रोही-डुकरांच्या बाबतीत आपल्या राज्यात वनाधिकारी ती देऊ शकतात. पण अर्ज कधी होतो? नुकसान झाल्यावर. म्हणजे सोयाबीनला शेंगा भरल्यावर, तुरीला फुलोरा आल्यावर. परवानगीचा कागद हातात पडतो तेव्हा सोयाबीन कमरेला, तूर डोक्याच्या वर, पऱ्हाटीत वेचणीच्या बाया. डुक्कर दिसणार कसं, आणि दिसलं तरी गोळी कोणत्या बाजूला झाडायची? माझ्या माहितीतले कितीतरी कागद असेच घडी न मोडता कपाटात आहेत.

फेब्रुवारीत येऊन बघा. तूर निघालेली, हरभरा निघायला लागलेला, रान मोकळं. रोही नाल्याकाठच्या पळसांत दुपार काढतात, किलोमीटरवरून मोजता येतात. लेंड्या टाकायची त्यांची जागाही ठरलेली असते, माग काढायला तेवढं पुरे. डुकरांना लपायला नाल्यातली बेशरमाची झाडी आणि येड्या बाभळीची झुडपं, एवढंच उरतं. वावरात मजूर नाही. पण तेव्हा पीक नाही, म्हणून नुकसान नाही, म्हणून अर्ज नाही. नुकसान असतं तेव्हा जनावर दिसत नाही आणि जनावर दिसतं तेव्हा नुकसान नसतं.

तेव्हा माझं म्हणणं असं की खरिपाच्या पंचनाम्यांवरून गावं ठरवा आणि काम फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत करा, वनखात्याच्या देखरेखीत, त्यांनी पारखलेल्या मोजक्या नेमबाजांकडून. बुद्धपौर्णिमेला जंगलात पाणवठ्यावर मचाणावर बसून मोजणी होते, तशी एक मोजणी तूर निघाल्यावर शिवारात करा आणि मगच आकडा ठरवा. हे वेळापत्रक आमच्या भागापुरतं. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात मूल-सिंदेवाहीला धान असतं, त्याचे महिने निराळे, आणि तिथे डुक्कर-रोही हे वाघाचं खाणं आहे. ते सरसकट कमी केलं तर वाघ गोठ्याकडे वळेल.

आणि तारीख ठरलीच तर ती अख्ख्या जिल्ह्याला एक नको. एका दिवशी सगळीकडे परवानगी उघडली की काय होईल ते मला आत्ताच दिसतं: जीपा, मोबाइलवर व्हिडिओ काढणारी पोरं, पाठीमागे अर्धं गाव. पहिल्या दोन बारांत रोही उठून जातील ते थेट अभयारण्यात. तिथे गोळी झाडता येत नाही, आणि रात्री तेच कळप बाहेर येऊन पुन्हा आमच्याच वावरात शिरतील. चार-पाच शिवारांचा एक गट, त्याला त्याची तारीख, मग आठ-दहा दिवस शांतता, मग पुढचा गट. रविवार आणि बाजाराचा दिवस वगळून. अभयारण्याला लागून असलेल्या गावांत तर बंदूक मुळीच नको. तिथे रोह्यांच्या आसपास काळविटांचे कळप चरत असतात, काळवीट पहिल्या अनुसूचीतला प्राणी, आणि संध्याकाळच्या उजेडात चूक व्हायला वेळ लागत नाही. त्या गावांना सरकारनं सामूहिक कुंपण करून द्यावं.

गटवार तारखा डिसेंबरातच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागल्या तर आम्हालाही काही करता येईल. आमच्याकडे तूर जानेवारीत निघते आणि तुराट्यांचे ढीग उन्हाळाभर धुऱ्यावर पडून असतात. डुकरं दिवसा त्यातच दडतात. तारीख आधी कळली तर तुराट्या बैलगाडीत भरून वेळेत गावात आणता येतील, तेवढं काम आमचं.

आपला,
एक कास्तकार
ता. कारंजा (लाड), जि. वाशीम