आधी सायकल, मग इलेक्ट्रिक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आदर्श ई-सायकलीवरचा पानभर लेख वाचला. चित्र छान होतं. लेखकमहाशयांना बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप हवंय, हँडलवर स्पीकर हवाय, उतारावर आपोआप चार्ज होणारी बॅटरी हवीय, ताशी ५० किलोमीटरचा वेग हवाय आणि हे सगळं मोबाइलवरून चालायला हवंय. हवं ते मागायला कोणाची ना नाही. पण चष्मा लावून चित्र नीट पाहिलं, तर त्या सायकलीला मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही आणि चेनकव्हरही नाही. म्हणजे पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा, भाजीची पिशवी हँडलला आणि साडीचा काठ चेनमध्ये. या आदर्श सायकलीवर बसणाऱ्याला बाजारात जायचं नसतं आणि साडी तर नेसायचीच नसते, असं दिसतं.

मी साताऱ्यात राहते. निवृत्त शिक्षिका आहे, पदार्थविज्ञान शिकवायचे. गुडघे कुरकुरायला लागल्यावर ई-सायकल घेतली आणि रोज चालवते, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी वेगाचं बघू. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटार २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच ती सायकल धरली जाते. लायसन्स नको, नंबरप्लेट नको, विमा नको. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी जी काही वस्तू लेखकांच्या मनात आहे तिला स्कूटर म्हणतात. त्या बाजारात ढिगाने मिळतात, त्यासाठी पानभर स्वप्न कशाला? आणि ही मर्यादा आपल्याच सरकारची हौस आहे असंही नाही. युरोपात हेच २५० वॅट आणि हेच २५ किलोमीटर आहेत. जपानमध्ये तर ताशी २४ किलोमीटरला मोटारीची मदत पूर्ण थांबते. यामाहाने १९९३ साली पॅडलला मदत करणारी पहिली सायकल तिथेच विकायला आणली, तेव्हा जपान्यांना यातलं काही कळत नाही असं म्हणता यायचं नाही.

चढाला २५० वॅट पुरत नाहीत, असं लेखात एका वाक्यात उडवून लावलं आहे. गणित करून बघा. सायकल, मी आणि पिशवी मिळून १०० किलो धरा. दर १०० मीटरला ६ मीटर चढणारा रस्ता ताशी १२ किलोमीटरने चढायचा, तर चढापुरते सुमारे २०० वॅट लागतात. टायरच्या घर्षणाला वर थोडे. मोटार आणि माझे पाय मिळून एवढं आरामात होतं. हाच चढ ताशी २५ ने चढायचा हट्ट धरला की आकडा ४०० च्या पुढे जातो. अडचण वॅटची नसून घाईची आहे.

खरी अडचण चढावर सायकल सुरू करताना येते, आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. राजवाड्यावरून समर्थ मंदिराकडे निघालात, मध्येच समोर रिक्षा आडवी आली, पाय टेकला. आता पुन्हा निघायचं. स्वस्त सायकलींमध्ये पॅडल फिरतंय की नाही एवढंच सांगणारा सेन्सर असतो. पॅडल थोडं फिरल्याशिवाय त्याला पत्ता लागत नाही, आणि चढावर तेवढं फिरवणं हीच तर मारामार. शेवटच्या बाकावरच्या मुलाला हाक मारावी आणि तास संपल्यावर त्याने ‘हजर’ म्हणावं, तशी ती मोटार जागी होते. झाली की एकदम ढकलते, नेमकी पुढच्या रिक्षाच्या दिशेने. पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असला की पाय दाबल्याबरोबर मदत मिळते, जेवढा जोर तेवढीच. तो महाग पडतो, मान्य. पण स्पीकर आणि ठशाचं कुलूप काढून टाका, तेवढेच पैसे वाचतील.

उतारावर चार्ज होणाऱ्या बॅटरीबद्दल एवढंच सांगते, की १०० किलो वजन १०० मीटर खाली उतरलं तर फार तर २७ वॅट-तास ऊर्जा हाती लागते. निम्मी वाटेत जाते. उरलेल्या ऊर्जेत सायकल सपाटीला जेमतेम एक किलोमीटर चालेल. शिवाय चाकातल्या गिअरवाल्या मोटारी बहुधा एकाच दिशेने पकड घेतात, त्यांना उलटी वीज करताच येत नाही. ही शाळेतली गणितं आहेत, संपादकमहोदय. छापण्याआधी कुणाला तरी दाखवली असती तर बरं झालं असतं.

आता पंक्चरकडे येते, कारण लेखात पंक्चर हा शब्दच नाही.

गेल्या पावसाळ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे माझ्या सायकलीचं मागचं चाक बसलं. ढकलत कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. तो माझा जुना विद्यार्थी. त्याने सवयीप्रमाणे चाक न खोलता लिव्हरने टायर एका बाजूने उचकटलं, ट्यूब ओढून काढली, हवा भरली आणि घमेल्यात बुडवून फिरवली. बुडबुडे नेमके व्हॉल्व्हच्या बुडाशी. तिथे पॅच टिकत नाही, ट्यूबच बदलावी लागते, आणि त्यासाठी चाक काढावं लागतं. त्याने खाली वाकून एक्सलकडे बघितलं आणि पाना परत डब्यात टाकला.

मोटार मागच्या चाकात. तिची वायर एक्सलमधून बाहेर येते, फ्रेमला घट्ट आवळून सीटखालच्या काळ्या डबीत जाते. वायरीला बोटभरही ढील नाही, मध्ये कुठे प्लग नाही. प्लग आहे तो डबीच्या आत, आणि डबीवर कंपनीचं सील. फाटलं तर वॉरंटी रद्द. “बाई,” तो म्हणाला, “चाक काढायला मला दहा मिनिटं लागतात. पण हे सील तुटणार. उद्या मोटार बंद पडली की कंपनी म्हणणार, पंक्चरवाल्याने बिघडवली. मी कशाला नसती आफत घेऊ?” त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मग कंपनीला फोन. नाव लिहीत नाही. लिहिलं तरी तुम्ही छापणार नाही, त्यांची जाहिरात तुमच्याकडे असते. पलीकडच्या मुलीचा आवाज फार गोड. “मॅम, आपल्या शहरात आमचा सर्व्हिस पार्टनर नाहीये. इश्यूचा व्हिडिओ पाठवू शकाल का?” पाठवला. घमेलं, ट्यूब, बुडबुडे, पंक्चरवाल्याचा हात, सगळं दिसत होतं. उत्तर आलं की तंत्रज्ञांची टीम तपासत आहे. बुडबुडे तपासायला टीम लागते, हे मला नवीन होतं. त्यानंतर आलेल्या मेसेजात आमच्या सेवेला किती तारे द्याल, असं विचारलं होतं.

शेवटी सायकल टेम्पोत घालून पुण्याला पाठवली. परत आली तेव्हा नवी ट्यूब होती, वाकलेला स्टँड होता आणि बिल होतं. बिलात ट्यूब सगळ्यात स्वस्त. तिच्या वर ‘मोटर व्हील ओपनिंग चार्जेस’ आणि त्याच्या वर टेम्पोचं जाण्यायेण्याचं भाडं. एवढ्या पैशात पंक्चरवाल्याने माझ्या सायकलीची ट्यूब हयातभर बदलून दिली असती.

तेव्हा माझी आदर्श ई-सायकल लिहून घ्या. मोटारीच्या वायरीचा प्लग चाकाजवळ, बाहेर, पाणी न शिरणारा आणि हाताने ओढून निघणारा. वायरीला वीतभर ढील. एक्सलच्या नटाला बसेल असा पाना सीटखाली. आणि वॉरंटीच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं, की चाक कुणीही काढावं. यात अवकाशविज्ञान काही नाही. असे प्लग असलेल्या सायकली मिळतात, पण दुकानात त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही, कारण गिऱ्हाइकाला तुमच्यासारख्यांनी स्पीकरच्या गप्पा सांगितलेल्या असतात. बाकी खाली झुकलेली फ्रेम, म्हणजे लेडीज सायकलीची; माझ्या वयाच्या पुरुषांनाही दांड्यावरून पाय टाकायला धडपडताना बघते मी रोज. मागच्या चाकाला साडीगार्ड, डबल स्टँड, पोतं पेलेल असं कॅरिअर आणि घंटी. आणि सायकल मोबाइल बंद असला तरी चालू होणारी. ज्या कंपनीचं ॲप उद्या बंद पडेल तिची सायकल परवा जागची हलणार नाही, ही भीती उगाच नाही.

बॅटरीबद्दलही सांगून टाकते. आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नाही. बॅटरी किल्लीने काढून वर नेता आली पाहिजे, आणि तिला धरायला मूठ पाहिजे. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी मला पुरते. जाहिरातीतले शंभर किलोमीटर सोडा. तिच्यात ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॅट-तास ऊर्जा मावते; किलोमीटरला १२ वॅट-तास धरले तर ती ३० किलोमीटर चालते, आणि गावात यापेक्षा जास्त हिंडायला मी काही पोस्टमन नाही. पण चारपाच वर्षांनी ती उतरली की नवी कुठून आणायची? प्रत्येक कंपनीची बॅटरी बसवायची खाच वेगळी, प्लग वेगळा, आणि ‘मॅम, ते मॉडेल आता बंद झालंय.’ युरोपने २०२३ साली बॅटऱ्यांचा कायदा केला. ई-सायकलची बॅटरी बाहेरच्या कारागिरालाही काढून बदलता आलीच पाहिजे, आणि मॉडेल बंद झाल्यावरही पाच वर्षं सुटी बॅटरी मिळाली पाहिजे, असं त्यात आहे. फेब्रुवारी २०२७ पासून ते कलम लागू होतं. आपल्याकडे असं काही व्हावं यासाठी कुणी खासदार तोंड उघडेल का, हे तुमच्या वार्ताहराने विचारावं. पुरवणीच्या लेखकांना नको, ते मोबाइलवरून कुलूप उघडत बसले असतील.

जाता जाता एक. त्या पानभर चित्राला जागा करून देण्यासाठी यावेळी शब्दकोडं गाळलंत. आदल्या रविवारच्या कोड्याखाली ‘उत्तरे पुढील अंकी’ असं छापलं होतं, तीही गेली. मला उभा १७ अडला आहे. पुढच्या रविवारी तेवढं छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा