घट्ट रबरी मूठ काढताना

प्रिय शिरीष,

स. न. वि. वि.

तू घेतलेल्या जुन्या स्मिथ अँड वेसन चीफ्स स्पेशल रिव्हॉल्व्हरची रबरी मूठ निघत नाही म्हणालास. तिला स्क्रूड्रायव्हर लावून उचकटू नकोस, एवढ्याचसाठी हे सविस्तर पत्र. हे मॉडेल १९५० सालचं. ३६ हा क्रमांक त्याला १९५७ मध्ये मिळाला. तुझी पोलादी आणि ब्लूइंग केलेली आहे. तो निळसर काळा थर फार पातळ असतो. पात्याचा एक ओरखडा पडला की खालचं पोलाद उघडं पडतं, आणि ते डोळ्यांत खुपत राहतं.

आधी सिलिंडर उघड. पाचही घरं डोळ्यांनी बघ, बोटानेही चाचप. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून ये. मग सिलिंडर हाताने अलगद बंद कर. तो उघडा ठेवून ओढाताण केली तर सगळा जोर त्याच्या बिजागरीवर येतो. ती वाकली की काम आपल्या हातातलं राहत नाही.

होग कंपनीची एकसंध मूठ म्हणजे तिला दोन फाका नसतात. ती खालून मोज्यासारखी चढवलेली असते. रबराच्या आत कडक सांगाडा असतो, म्हणून बाजूंनी फाकवायला गेलास तर तो तडकेल. स्क्रू एकच, बुडाशी, खोल भोकात. पातं खाचेत गच्च बसणारं हवं आणि भोकाच्या भिंतींना न घासणारं हवं. निमुळतं पातं चढतं आणि खाच खाऊन टाकतं. स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल, तर मूठ खाली खेचून धर आणि मग फिरव.

स्क्रू पूर्ण बाहेर आला तरी मूठ हलत नाही, तेव्हा लोक घाईला येतात. खरं तर रबर पोलादाला चिकटून बसलेलं असतं, वर्षानुवर्षांचा घाम आणि तेल मध्ये सुकलेलं असतं. हेअर ड्रायर दोन-तीन मिनिटं फिरव, हाताला सोसेल इतकंच गरम. मग रबराच्या वरच्या कडेला, फ्रेमच्या पाठीशी, आइस्क्रीमची लाकडी काडी नाहीतर जुन्या प्लास्टिक कार्डाची पट्टी हळूच सरकव आणि त्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार-पाच थेंब सोड. त्याने रबर घसरतं आणि नंतर ते उडूनही जातं. पेट्रोल, रॉकेल, फवाऱ्याचं तेल नको. त्याने रबर फुगतं आणि पुन्हा नीट बसत नाही.

आता डाव्या हातात फडक्यात गुंडाळून फ्रेम धर, नळी आपल्यापासून दूर, बोट चापाजवळ नको. उजव्या तळहाताने मुठीची पुढची बाजू खाली दाब, मग मागची. आलटून पालटून, दरवेळी केसभर. वरच्या पातळ कडांना चिमटीत धरून ओढू नकोस, रबर फाटतं ते तिथेच. एकदा का आत हवा शिरली की ‘सुर्र’ आवाज होतो आणि मूठ सरळ खाली येते.

आत फ्रेमच्या आडव्या पिनेला अडकलेली छोटी रिकीब, म्हणजे रिकिबीच्या आकाराची कडी दिसेल, स्क्रू तिच्यातच बसतो. ती काढलीस तर डबीत ठेव, हरवली तर मूठ बसायचीच नाही. घोड्यामागची स्प्रिंग उघडी दिसेल, तिला हात लावू नकोस.

पोलादावर तांबूस डाग असतील. ते रबराखाली कोंडलेल्या घामाचे. मऊ फडक्यावर थेंबभर तेल घेऊन पूस, मग कोरड्या फडक्याने ते तेलही टिपून घे. बसवताना आधी रिकीब, मग अल्कोहोलचे दोन थेंब टाकून मूठ सरकव. स्क्रूचे पहिले आटे पेचकसाची नुसती दांडी बोटांत धरून लाव, म्हणजे ते तिरके चढणार नाहीत. थांबला की थांब. करकचून आवळलास तर रिकिबीचे आटे जातील.

हात भरून आले तर मूठ तशीच ठेव आणि पुन्हा थेंब सोडून तासाभराने बस.

तुझा,
मुकुंद