टायटॅनोसॉरसचं नाव आणि चंद्रपूरचा इसिसॉरस

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी तुम्ही विचारलंत, "टायटॅनोसॉरस बाद झाला, मग भारताचा पहिला डायनासोर गेलाच का?" तुमचा आवाज पडला होता. इतकी वर्षं वर्गात मुलांना त्याच्याबद्दल सांगितलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

टायटॅनोसॉरसची ती हाडं जबलपूरला ब्रिटिश अधिकारी कॅप्टन स्लीमन यांना १८२८ मध्ये मिळाली. त्या हाडांवरून जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस ही जाती मांडली. हाताशी होते मुख्यतः शेपटीचे मणके, पुढून खोलगट आणि मागून फुगीर. लांब मानेच्या डायनासोरांत तेव्हा ही गोष्ट वेगळी वाटली. पुढे लिडेकर यांनीच टायटॅनोसॉरस या प्रजातीच्या (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या) नावावरून टायटॅनोसॉरिडी हे कुळ उभं केलं.

मग अर्जेंटिना, मादागास्कर, युरोप, जिकडेतिकडे तसेच मणके निघू लागले आणि टायटॅनोसॉरसच्या खात्यावर पडत गेले. चौदा जाती झाल्या! एका प्राण्याची म्हणून मानलेली खूण साऱ्या गोतावळ्याची निघाली. नाशकात नुसतं "पाटलांचा मुलगा" म्हणून कुणाला शोधायला निघावं, तशातली गत.

२००३ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी या चौदाही जाती तपासल्या. जबलपूरच्या मणक्यांत त्यांना स्वतःचं असं एकही लक्षण सापडलं नाही, म्हणून ते नाव संदिग्ध ठरलं. कुळाचं नाव प्रजातीच्या नावावर उभं असतं. पायाच संदिग्ध, तर कुळाचं नावही वापरू नये, असं त्यांनी सुचवलं. काहींनी ते नंतरही वापरलं, पण मला विल्सन-अपचर्च यांचंच पटतं. टायटॅनोसॉरिया हे मोठ्या गटाचं नाव मात्र कायम आहे, म्हणजे जबलपूरची आठवण जगभर घेतली जातेच. आणि बाबा, हरवलेला मानलेला तो मूळ जीवाश्म २०१२ मध्ये इथे कोलकात्यातच, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात, धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांना पुन्हा सापडला. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं.

आता मुलांना सांगायचंच तर इसिसॉरसचं सांगा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा हा प्राणी! मान, पाठ, शेपूट, खुबा, पुढचा पाय, असा बराच सांगाडा मिळाला. कवटी नाही, पण जे आहे ते स्वतःची ओळख पटवणारं आहे. मान त्याच्या भाईबंदांपेक्षा आखूड आणि भक्कम, पुढचे पाय लांब. जैन आणि बंदोपाध्याय या संशोधकांनी १९९७ मध्ये त्यालाही टायटॅनोसॉरसमध्येच घातलं होतं. २००३ च्या त्याच फेरतपासणीत त्याला स्वतंत्र नाव मिळालं, इथल्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (ISI). जुनं नाव जाताना आपल्या महाराष्ट्राच्या पदरात हे पडलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

आई, तू विचारलंस, आपल्या पांडवलेणीच्या डोंगरात असं काही मिळेल का. तो डोंगर लाव्हाचा, बसाल्टचा; त्यात हाडं टिकत नाहीत. ती मिळतात नदी-तळ्यांच्या गाळातून झालेल्या खडकांत.

सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात बारापासॉरस या डायनासोरचा उभा सांगाडा आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात सापडलेला, म्हणजे आपल्याच गोदावरीच्या खालच्या अंगाचा. तो तुम्हा दोघांना दाखवायचाच आहे. नाशिकरोडहून हावड्याला थेट गाडी आहे. आईचे गुडघे बरे असतील तेव्हाची तारीख कळवा, खालचे बर्थ बघून तिकिटं मी काढते.

तुमची,
ताई