ज्यांची लुगडी माझ्या हाताखालून गेली

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी औशाला राहते, गोधड्या शिवते. सासूबाईंच्या हाताखाली शिकले त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. तुमचा पेपर आमच्याकडं समोरच्या टेलरच्या दुकानात येतो, दुपारी त्याचं वाचून झालं की तो माझ्याकडं पाठवून देतो, कधी सोबत चिंध्यांची पिशवी पण असते, आणि माझं वाचून झालं की त्याच पेपरात मी गिऱ्हाइकाची गोधडी बांधून देते. पत्र मात्र पहिल्यांदाच लिहायलेय. लेकीनं मोबाईलवर मराठी टाईप करायला शिकवलंय.

लिहायचं कारण असं की आपल्याकडं तोंडानं थँक्यू म्हणायची पद्धत नाही. कुणी काम केलं की आपण म्हणतो जेवून जा, नाहीतर बस की जरा, चहा टाकते. त्यातच सगळं येतं. पण माझ्या कामात असं होतं की ज्यांचे उपकार आहेत त्यातली निम्मी माणसं मला कधी भेटतच नाहीत, त्यांची फक्त कापडं भेटतात, त्यांना चहा कसा देणार? म्हणून म्हणलं पेपरात लिहावं, कुणाच्या तरी घरात वाचलं जाईल.

सध्या पितृपक्ष चालू आहे, घट बसायला आठ दिवस राहिलेत, म्हणजे आमच्या गल्लीत सगळीकडं दसरा काढायचं चालू आहे. घरातली सगळी अंथरुणं बाहेर. भिजलेली वाकळ, म्हणजे जाड गोधडी, काय वजनाची होते ते धुतलेल्या बाईलाच माहीत, दोघींनी दोन टोकं धरून पिळली तरी निथळायला दुपार जाते. माहेर माझं तेरणाकाठचं, तिथं लहानपणी हे सगळं धुणं बैलगाडीत घालून नदीला न्यायचे, वर आम्ही लेकरं बसायचो, आणि खडकावर वाळत घातलेल्या गोधड्या लांबून बघितल्या की शिवारातल्या पट्ट्यांसारख्या दिसायच्या, ही ज्वारीची, ही तुरीची, ही मुगाची. आता टाकीच्या पाण्यावर धुतो. तेही २०१५ च्या दसऱ्याला मिळालं नव्हतं. त्या साली आम्ही गोधड्या नुसत्या उन्हात टाकून काठीनं धोपटल्या होत्या, आणि पुढं एप्रिल २०१६ मधे मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणायची वेळ आली हे सगळ्यांना माहीतच आहे. तेव्हापासून दसरा काढताना नळाखाली बादली भरायला लागली की मला त्या आवाजानंच बरं वाटतं. दरवर्षी वाटतं.

तर धुताना ज्या फाटतात, ज्यांचे टाके उसवतात, त्या माझ्याकडं येतात. या सोमवारी सकाळीच तीन आल्या. एकीचं वरचं कापड पार विरलं होतं, आतून दुसरं कापड दिसत होतं, मी कडेचे टाके काढले तर आत एक अख्खी जुनी गोधडी निघाली. म्हणजे कुणीतरी आधीची फाटलेली गोधडी टाकून न देता तिलाच आत घालून वर नवी शिवली होती. ती घेऊन आलेली सून म्हणाली, आम्हाला माहीतच नव्हतं मावशी. आतल्या गोधडीचे टाके वेगळे होते, लांब-लांब आणि घाईचे, बाहेरच्या टाक्यांचा हात शांत होता. दोन बायकांचे दोन हात. मी तिला म्हणलं हे काढू नको, हे असंच ठेवून मी वरून तिसरं चढवते. ती हो म्हणाली. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

रोजच्या आनंदाचं सांगायचं तर सगळ्यात आधी शेजारची पोरगी. सातवीत आहे. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे, टाका घालायला अडचण येत नाही कारण टाका हाताला कळतो पण सुईचं नेढं काही केल्या दिसत नाही. ही पोरगी शाळेला जायच्या आधी येते, वीस सुयांत दोरा ओवते, दोरा जिभेला न लावता नुसता चिमटीत पिळून, आणि सगळ्या सुया ओळीनं माझ्या उशीला टोचून जाते. मी एकदाही बोलावलं नाही. एके दिवशी मी सुई धरून उजेडाकडं बघत बसले होते, तर दारातूनच म्हणाली काय करायलीस मावशे, आण इकडं. तेव्हापासून येते. शनिवारी सकाळची शाळा असते तर आणखी लवकर येते, डोळ्यावर झोप असते, केस विंचरलेले नसतात, मग ती सुया ओवते आणि मी तिची वेणी घालते. वीस सुया संपायला मला संध्याकाळ होते. शेवटची सुई उशीवरनं काढताना रोज तिची आठवण होते, आणि तिला हे कधी सांगितलेलं नाही.

टेलरचं पण तसंच. तो सुती कापडाच्या चिंध्या वेगळ्या काढून ठेवतो. त्याला काय गरज आहे? सगळं एका पोत्यात भरून टाकलं तर त्याचं काम लवकर होतं. पण त्याला माहीत आहे की टेरिकॉट नि पॉलिस्टर गोधडीत घातलं की थर एकमेकांवरून सरकतात, सुई अडते, आणि पांघरलं की अंगाला चिकटतं, घाम पीत नाही. सूत मऊ होत जातं, जितकं धुवाल तितकं. म्हणून जुन्या नऊवारीसारखं दुसरं कापड नाही, वीस-पंचवीस वर्षं अंगावर राहून ते मायेच्या हातासारखं झालेलं असतं. आजकाल भांडीवाली आली की स्टीलच्या पातेल्यावर अशी लुगडी जातात, ज्यानं त्यानं आपलं बघावं, पण एवढंच सांगते की देण्याआधी एकदा गालाला लावून बघा.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते सांगते. महिन्याभरापूर्वी एक गृहस्थ पाच लुगडी घेऊन आले. आईची. आई वारून वर्ष झालं होतं. म्हणाले दोन गोधड्या करा, एक मला एक धाकट्याला, तो पुण्याला असतो. जाता जाता दारात थांबून म्हणाले, आमचं बोलणं नाही, शेताच्या वाटणीवरनं झालंय, पण लुगडी दोघांची आहेत, सारखी वाटा. मी बरं म्हणलं. पाच लुगडी, प्रत्येकाचं अर्धं इकडं अर्धं तिकडं, अर्ध्या लुगड्याचे दोन तुकडे करून शेजारी जोडले की एका गोधडीचा एक थर होतो, म्हणजे दोघांना पाच-पाच थर, हिशोब सोपा होता. दोन इरकली, एक चंद्रकळा, एक हिरवं. पाचवं उलगडलं आणि माझा हात थांबला.

त्या लुगड्याला दंड घातलेला होता. लुगडं मधे विरतं, मग विरलेला भाग काढून चांगली टोकं एकमेकांना जोडायची, तो दंड, ज्यांच्या आईनं घातलाय त्यांना सांगायला नको. हल्लीच्या पोरींना शब्दच माहीत नाही. दंड घातलेलं लुगडं बाई घरातच नेसायची, पाहुणे आले की बदलायची. पण या माऊलीची शिवण अशी होती की मी चष्मा लावून, उजेडात धरून बघितली, तांदळाच्या कणीएवढा एकेक टाका, कडेपासून कडेपर्यंत एका रेषेत, दोरा पण लुगड्याच्याच काठातला उपसून काढलेला, म्हणून शिवण रंगात मिसळून गेलेली. मशीनीला जमणार नाही. मी तीस वर्षं शिवते, मला जमणार नाही.

आणि आडवं कापलं तर ती शिवण एकाच भावाकडं जाणार. दोन दिवस ते लुगडं मी तसंच घडी करून ठेवलं. कुणाला विचारणार? मोठ्याला फोन करावा तर तो म्हणणार काय बी करा. मग बुधवारी दुपारी, लाईट गेलेली, दारात बसले होते आणि डोक्यात आलं की बाकीची चार आडवी कापली तरी हे एक उभं फाडायचं. काठापासून काठापर्यंत शिवण आहे ना, मग लुगडं मधोमध उभं फाडलं की शिवण पण मधोमध तुटते, दोन-अडीच विती याला, दोन-अडीच विती त्याला. जोड जास्त द्यावे लागले, अरुंद पट्ट्या झाल्या, काम वाढलं, पण ते सुचलं तेव्हा एवढा आनंद झाला की मी समोर जाऊन टेलरला सांगून आले. तो म्हणाला अक्का, बरोबर केलंस. फाडताना मात्र हात कापला, खोटं कशाला सांगू. तो आवाज काही चांगला नसतो.

दोन्ही गोधड्यांत ती शिवण मी सगळ्यात वरच्या थराला, उशाकडच्या बाजूला घेतली. कडेपासून आत आत फिरत टाके घालत गेले, बोटभर अंतरावर दुसरी ओळ, चौकोनात चौकोन, आणि तिच्या शिवणीपाशी आले की माझा दोरा खाली घेतला, तिच्या टाक्यावर माझा टाका पडू दिला नाही.

सासूबाई म्हणायच्या गोधडी पायात येऊ देऊ नये. गंगाखेडच्या जनाबाईची वाकळ पांघरून साक्षात पांडुरंग देवळात गेला, घाईत शेला तिच्याकडं राहिला नि तिची वाकळ अंगावर गेली, ही कथा त्या मला शिवता शिवता सांगायच्या. नामदेव महाराज पण शिंप्याच्या घरचे, आपल्या हिंगोलीकडच्या नरसीचे. सुई-दोऱ्याला आपल्याकडं कमी कुणी लेखलं नाही.

सप्टेंबरचा शेवट आला की सासूबाईंची जास्तच आठवण येते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. आमचं घर राहिलं, पण आम्ही सगळे रस्त्यावर, थोरली लेक माझ्या कडेवर, वरून पुढं पाऊस, आणि सासूबाईंनी पहिलं काय केलं तर पळत आत जाऊन वाकळ आणली नि आमच्या डोक्यावर धरली. मी ओरडत होते आत जाऊ नका म्हणून. नंतर त्यांनी गल्लीतल्या घराघरातनं अंथरुणं गोळा केली नि भूकंपाच्या गावांकडं जाणाऱ्या ट्रकमधे टाकली, आपली पण टाकली, आणि तो हिवाळा आम्ही गोणपाटाच्या चवाळ्यांवर काढला. ती डोक्यावर धरलेली वाकळ पण त्यातच गेली. कुणाच्या अंगावर गेली माहीत नाही. ज्या कुणी पांघरली त्यांना बरी झोप लागली असेल एवढंच मनात येतं.

शुक्रवारी दुपारी अचानक आभाळ आलं. सगळ्यांच्या गोधड्या गच्चीवर, भिंतीवर, कुंपणावर. पहिला थेंब पडला तशी अख्खी गल्ली धावली, कुणाची कुणी उचलली पत्ता नाही, माझ्या दोन समोरच्या घरात गेल्या, माझ्या ओसरीत चार दुसऱ्यांच्या, पाऊस तासभर पडून थांबला, मग ज्याची त्याची शोधत बायका घरोघर हिंडत होत्या. त्यातल्या एकीनं येताना धपाटे आणि दही आणलं. ओसरीत बसून आम्ही सहाजणी खात होतो, मधे ढिगानं गोधड्या, त्यांना दिवसभराच्या उन्हाचा वास येत होता आणि बाहेर ओल्या मातीचा, दोन्ही एकदम. असं वर्षातून एकदाच मिळतं.

पैशाचं म्हणाल तर मोठ्या गोधडीला मी ८०० रुपये मजुरी घेते, बाळाच्या दुपट्याला २५०, दिवस पंधरा-वीस जातात. माझं भागतं. त्यात तक्रार नाही.

रविवारी धाकटा भाऊ आला, पितरांसाठी पुण्याहून गावी आलेला. मी दोन्ही गोधड्या खाटेवर शेजारी अंथरल्या होत्या, त्याला म्हणलं कोणची घ्यायची ती घ्या, दोन्ही सारख्या आहेत. तो बराच वेळ हात फिरवत होता, मग उशाकडं आला नि बोट त्या शिवणीवर थांबलं. हे आईचं आहे ना, म्हणाला. मी हो म्हणलं. मग दुसऱ्या गोधडीवर पण तसंच बोट ठेवून बघितलं. दादाच्या पण आहे, म्हणाला. चहा दिला होता तो तसाच राहिला. जाताना आपली उचलली, आणि दुसरीची घडी त्यानंच घातली, नीट, काठाला काठ लावून.

मोठ्याची गोधडी खाटेवर तुमच्याच पेपरात बांधून ठेवलीय, तो गुरुवारी येतो म्हणलाय. त्या माऊलीचं नाव मी दोघांनाही विचारलं नाही. तिला, आणि इतकी वर्षं ज्यांची लुगडी-धोतरं माझ्या हाताखालून गेली त्या सगळ्यांना माझा नमस्कार पोचवा.

आपली,
एक गोधडी शिवणारी बाई
औसा, जि. लातूर