केस काळे करणारे तेल आणि 'जे' परिशिष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत केसांच्या एका तेलाची अर्ध्या पानाची जाहिरात होती. 'पिकलेले केस तीन आठवड्यांत मुळापासून टोकापर्यंत काळेभोर' असे तिच्यात ठळक अक्षरांत छापले होते. माझी अकरावीतली भाची ते कात्रण घेऊन माझ्याकडे आली. तिच्या भांगाशी दहाबारा केस पांढरे झाले आहेत आणि वर्गातल्या मुली तिला त्यावरून 'आजी' म्हणतात. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले असल्याने तिला जे सांगितले, तेच आपल्या वाचकांसाठी लिहीत आहे.

टाळूबाहेर आलेला केस नखासारखाच निर्जीव असतो. त्याला रंग मिळतो तो त्वचेखाली, केसाच्या मुळीत. तिथल्या रंगपेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करून वाढत्या केसात भरतात. एक केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, मग काही महिने विसावतो, गळतो, आणि त्याच केशकूपातून नवा उगवतो. प्रत्येक नव्या केसासाठी रंगपेशीही नव्याने लागतात आणि त्या केशकूपातल्या मूलपेशींपासून घडतात. वयाबरोबर या मूलपेशींचा साठा आटतो, केस मात्र उगवत राहतो, रंगावाचून. असा केस खरे तर पांढराही नसतो: खडीसाखर आरपार दिसते आणि कुटली की पांढरीशुभ्र होते, तसा तो केवळ प्रकाश विखुरल्यामुळे आपल्याला पांढरा दिसतो. प्रत्येक केशकूपाचा हिशेब स्वतंत्र असल्याने एक पांढरा केस उपटला की सात उगवतात, ही समजूतही निराधार आहे.

आता जाहिरातीचे गणित पाहू. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे तेलाने मुळीतल्या रंगपेशी चमत्काराने जाग्या केल्या असे क्षणभर मानले, तरी तीन आठवड्यांत फार तर पाऊण सेंटीमीटर केस काळा उगवेल. भाचीची वेणी पट्टीने मोजली, ती साठ सेंटीमीटर भरली. ती टोकापर्यंत काळी व्हायला पाच वर्षे लागतील. तीन आठवड्यांत केस खरोखरच टोकापर्यंत काळे झाले, तर बाटलीत तेलाबरोबर कलप आहे असे समजावे. अनेक कलपांत पॅराफेनिलीनडायअमाइन हे रसायन असते आणि काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होते, म्हणून कलप लावण्याआधी तो त्वचेवर थोडासा लावून ४८ तास वाट पाहायला सांगतात. तेल समजून चोळणारा माणूस ही काळजी कशाला घेईल?

काळजीने केस पिकतात, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात, आणि ते अगदीच हसण्यावारी नेण्याजोगे नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांवर दाखवून दिले की तीव्र ताणाच्या वेळी मज्जातंतूंमधून सुटणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनमुळे रंगपेशींच्या मूलपेशी झपाट्याने संपतात. पुढल्या वर्षी कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना चौदा स्वयंसेवकांतल्या काहींच्या मोजक्या केसांचा रंग परत आलेला आढळला. पण तोही मुळाकडच्या नव्या वाढीत, आधी बाहेर आलेल्या पांढऱ्या भागात नव्हे. बहुतेकांच्या बाबतीत केस कधी पिकणार हे आनुवंशिकतेवर ठरते. भाचीच्या आजोबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, केस तिशीच्या आत पिकले होते. (तरीही 'माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत' असे ते साठीपर्यंत ऐकवत.) मात्र आपल्याकडे पंचविशीच्या आत केस पिकणे अकाली मानले जाते आणि त्यामागे कधी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार असतो. तो रक्त तपासून कळतो. जाहिरातीच्या नादाने तेलाच्या बाटल्या रिचवण्यात ही तपासणी राहून जाते, ही माझी खरी तक्रार आहे. खोबरेल, माका, आवळा यांना माझा विरोध नाही. तेलाने केस मऊ राहतात, ते मीही लावते.

औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या 'जे' परिशिष्टात, औषधाने जे बरे करण्याचा दावा करू नये अशा गोष्टींची यादी आहे. केसांचा रंग बदलणे आणि अकाली केस पिकणे या दोन्ही गोष्टी तिच्यात आहेत. आमचे तेल औषध नसून प्रसाधन आहे, असे उत्पादक म्हणेल. मग 'मुळापासून' हा शब्द त्याने कशाच्या बळावर छापला, हे आपल्या जाहिरात विभागाने त्याला विचारायला हवे होते. तसे विचारून मिळालेले उत्तर आपण त्याच पुरवणीत, त्याच पानावर आणि वाचता येईल अशा अक्षरांत छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड