‘तळ्यातलं कच्चं काही खाता का?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात मामा (माजी मालगुजारी) तलावांतल्या शिंगाडे तोडणीची छायाचित्रं पाहिली आणि दोन वर्षांपूर्वीची एक रुग्ण आठवली. मी भंडारा जिल्ह्यात रेडिओलॉजिस्ट आहे. पन्नाशीच्या त्या बाई सीटी स्कॅनच्या फिल्म घेऊन आल्या होत्या. एका मोठ्या रुग्णालयाच्या रिपोर्टात ‘यकृतात पसरलेल्या कर्करोगाची शक्यता’ असं लिहिलं होतं आणि मुलगा शेत गहाण टाकायला निघाला होता.

फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावली, तर डाग गोल नव्हते. यकृताच्या आवरणापासून आत जाणारे, एकमेकांना जोडलेले, वाळवीने लाकूड पोखरावं तसे लांबुळके काळपट पट्टे होते. कर्करोगाच्या गाठी सहसा अशा दिसत नाहीत. पिशवीच्या तळाशी रक्ततपासणीचा कागद होता, इओसिनोफिल, म्हणजे कृमी झाले की रक्तात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ३८ टक्के. त्या आकड्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. मी विचारलं, “मावशी, तळ्यातलं कच्चं काही खाता का?”

“शिंगाडे तोडता तोडता खातोच ना मॅडम, दातानंच सोलतो.”

रक्तातल्या अँटिबॉडी तपासल्यावर शंका खरी ठरली. हा फॅसिओला, म्हणजे गुरांच्या यकृतातला पानासारखा चपटा कृमी. शेणातून त्याची अंडी तळ्यात जातात, त्यांतून निघालेल्या अळ्या गोगलगायीत वाढतात आणि मग पाणवनस्पतींवर सूक्ष्म कोश होऊन चिकटून बसतात. ते पोटात गेले की पिल्लं आतडं भेदून यकृतात शिरतात आणि सहा ते आठ आठवडे पोखरत पित्तनलिकांकडे सरकतात. सीटीत दिसते ती हीच वाट. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केला की पट्ट्यांची जागा बदललेली दिसते. शौचात अंडी यायला तीन-चार महिने लागतात, तोवर ती तपासणी निर्दोष आली तरी निर्धास्त राहू नये.

कृमी पित्तमार्गात पोचला की साधी सोनोग्राफीही पुरते. पित्ताशयातला खडा मागे सावली टाकतो आणि रुग्ण कुशीवर वळला की घरंगळतो. कृमीची सावली पडत नाही आणि रुग्ण निश्चल असला तरी तो आपला आपण वळवळतो. मात्र त्यासाठी प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण, थोडा वेळ एका जागी धरायला हवा. रांग मोठी असली की तेवढंच राहून जातं, हे मी स्वतःच्या कामावरूनही सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेने यावर ट्रायक्लाबेंडाझोल सुचवलं आहे, वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम. इतर अनेक चपट्या कृमींवर चालणारं प्राझिक्वान्टेल इथे लागू पडत नाही. या बाईंसाठी ते औषध मिळवायला तीन आठवडे गेले. पुढे सहा महिन्यांनी पट्टे बरेच विरले होते, शेतही वाचलं. पण पूर्व विदर्भातल्या जिल्हा रुग्णालयांत हे औषध ठेवायला शासनाला काय अडचण आहे?

माझ्या डॉक्टर सहकाऱ्यांना विनंती, सीटीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘यकृतात गाठ’ लिहून पाठवू नका. इओसिनोफिलचा आकडा, गाव आणि खाणं एवढं तरी लिहा. आणि तळ्यावरच्या बायाबापड्यांनो, शिंगाड्यावर तुमचं पोट आहे, तो सोडा असं कोण म्हणेल? पण नुसतं धुऊन कोश सुटत नाहीत. उकडून खा, आणि तोडताना दात लावू नका.

– एक रेडिओलॉजिस्ट, जि. भंडारा