आधी पाणी, मग फरशी

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या नव्या घराच्या फरशीच्या नमुन्यांचे फोटो पाहिले. तिन्ही चांगले आहेत, पण मला विचारशील तर लाकडी रेघांची ती लांब पट्टीच घ्या. सूनबाईला आवडली आहे, आणि तुमच्या दिवाणखान्यात उजेड भरपूर आहे, तिथे ती खुलेल. फक्त बसवताना एका पट्टीचं टोक शेजारच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर येईल अशी मांडणी करू देऊ नकोस. इतक्या लांब पट्ट्या भट्टीतून निघतात तेव्हा मध्ये किंचित फुगलेल्या असतात. फुगलेला मध्य आणि शेजारचं टोक एकत्र आलं की सांध्यावर पायाला धार लागते. तेच टोक एक तृतीयांशावर घेतलं की फरक जवळजवळ जाणवत नाही. हे गवंड्याला पहिली ओळ लावायच्या आधी सांग. नंतर सांगून उपयोग नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर झालं. आता जे विचारलं नाहीस ते लिहिते. वीटकाम नुकतंच संपलंय, गिलावा तोंडावर आलाय, आणि तुम्हा दोघांची सगळी चर्चा रंग आणि फरशीवर चालली आहे. माझी नोकरीची सगळी वर्षं बांधकामांवर गेली, त्यामुळे ठामपणे सांगते: घराचं फिनिशिंग बिघडतं ते बहुतेक वेळा त्याच्या मागचं काम घाईत उरकल्यामुळे. आणि ते मागचं काम तुझ्याकडे याच महिन्यात आहे.

सगळ्यात आधी न्हाणीघर. बहुतेकांना वाटतं की टाइल लावली की पाणी अडलं. टाइल अडवते, पण टाइलांमधले सांधे अडवत नाहीत. सांध्यांत भरतात त्या सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी हळूहळू खाली उतरतंच. इपॉक्सी ग्राउट घेतलं तर डाग धरत नाही, बुरशीही कमी धरते, जरूर घ्या. पण तेही वॉटरप्रूफिंगची जागा घेत नाही. पाणी अडवायचं काम टाइलच्या खालच्या थराचं. तो थर जमिनीवर थांबता कामा नये, भिंतीवर निदान वीतभर वर चढला पाहिजे, आणि शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या वरपर्यंत गेला पाहिजे. कोपरे आणि पाइप जिथे स्लॅबमधून आरपार जातात त्या जागा तू स्वतः वाकून बघ. गळती सुरू होते ती तिथूनच.

थर वाळला की पाणी वाहून जायच्या जाळीचं तोंड बंद करून न्हाणीघरात चार बोटं पाणी भरायला सांग. भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण कर आणि निदान २४ तास, जमलं तर ४८ तास ते पाणी तसंच राहू दे. खालच्या खोलीच्या छतावर हात फिरवून बघ, बाहेरच्या भिंतीचा कोपरा बघ. ठेकेदार म्हणेल, "साहेब, आम्ही नेहमी करतो, काही होत नाही." म्हणू दे. ही चाचणी झाल्याशिवाय एकही टाइल खाली लागू द्यायची नाही. नंतर गळती निघाली तर वरची सगळी निवड, तुमची आवडती टाइलसुद्धा, फोडावी लागते.

ढाळही त्याच वेळी बघ. मीटरला साधारण एक सेंटिमीटर उतार हवा, आणि तो जाळीकडे हवा, दाराकडे नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, पण मोठ्या मापाच्या टाइलला चारही बाजूंनी उतार देता येत नाही, ती वाकत नाही. म्हणून शॉवरखाली लहान टाइल घ्या. लहान टाइलला सांधे जास्त, म्हणून पायाला पकडही जास्त. घसरण्याबद्दल बोलताना दुकानदार 'आर ९', 'आर १०', 'आर ११' असे आकडे सांगतील. ती चाचणी बूट घालून, तेल पसरलेल्या उतारावर चालून करतात. ओल्या अनवाणी पायासाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी असते. शॉवरखाली बी किंवा सी मागा. तुझ्या बाबांचा गुडघा आता पहिल्यासारखा राहिला नाही, आणि आम्ही येऊन राहू तेव्हा मला त्याची काळजी करत बसायचं नाही.

एक गोष्ट टाइल चिकटण्याबद्दल. व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते. म्हणून तर ती डाग धरत नाही. पण त्याच कारणाने साध्या सिमेंटच्या गाऱ्याला ती धरत नाही, कारण गारा धरतो तो शोषणाऱ्या पाठीला. भिंतीवर अशी टाइल लावायची तर पॉलिमर असलेलं टाइल ॲडहेसिव्हच हवं, आणि ते दातेरी थापीने पूर्ण पसरलेलं हवं. पाच ठिपके देऊन टाइल दाबायची पद्धत अजूनही चालते, तिला सरळ नाही म्हण. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाकडी मुठीने टाइल वाजवून बघ. आतून पोकळ आवाज आला तर खडूने फुली मार आणि ती काढून परत लावून घे.

'जॉइंटलेस'चा, म्हणजे मध्ये फट न ठेवता टाइल लावायचा, आग्रह सूनबाईने धरला असेल तर तिला माझ्याकडून समजाव. उन्हाने, थंडीने फरशी थोडी वाढते, थोडी आकसते. तिला हलायला जागा नसली की ती मधूनच उचलली जाते. दोन मिलिमीटरची फट ठेवा आणि टाइलच्याच रंगाचं ग्राउट भरा, डोळ्याला दिसणार नाही. भिंतीलगतही फट राहू द्या, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. आणि सगळे खोके एकाच बॅचचे आहेत ना ते खोक्यावरचा क्रमांक वाचून बघ. वेगळ्या बॅचची छटा वेगळी असते, आणि ते लावून झाल्यावर कळतं. थोडे खोके जास्तीचे घेऊन माळ्यावर ठेवा.

आता जिना. हे मला विसरायचं नाही, म्हणून मध्येच लिहिते. जिन्याच्या दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी मिळून ६० ते ६४ सेंटिमीटर आली की चाल सुखाची होते. हा हिशेब सतराव्या शतकात फ्रान्सच्या फ्रान्स्वा ब्लोंदेल यांनी मांडला आणि थोड्याफार फरकाने आजही तोच चालतो. तुझा जिना ओतून झालाय, त्यात बदल नाही. पण फिनिशिंगमध्ये तो बिघडू शकतो. खोलीत गाऱ्यासकट फरशीची जाडी पाच-सहा सेंटिमीटर होते, पायरीवर ग्रॅनाइटची लादी लावली तर तीनच. मग पहिली पायरी बुटकी होते आणि शेवटची उंच. माणूस डोळ्याने पायऱ्या मोजत नाही, पहिल्या दोन पायऱ्यांत पावलाला जी सवय लागते तिच्या भरवशावर पुढे चढतो. म्हणून नेमका शेवटच्या पायरीला अडखळतो. ओतताना ही जाडी धरली होती का ते आजच सुपरवायझरला विचार. नसेल तर खोलीतला किंवा पायरीवरचा थर कमीजास्त करून जुळवता येईल, पण फरशी पडायच्या आधी.

गिलाव्याबद्दल तुला घाई आहे हे मला दिसतंय. अरे, सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. म्हणून गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारायचंच. आणि पाणी मारणं थांबलं की मग त्याला खरंच वाळू द्यायचं, महिनाभर तरी, दमट हवेत त्याहून जास्त. नव्या सिमेंटचा पीएच १२ च्याही वर असतो. त्या ओल्या अल्कधर्मी भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला तर आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं, सोबत क्षार आणतं, आणि रंगावर पांढरा लोणा फुटतो. मग पोपडे. पहिल्याच वर्षी भिंतीचे पोपडे निघालेलं घर बघितलं की मला अजूनही वाईट वाटतं, कारण ते फक्त थांबून टाळता आलं असतं. भिंत वाळली का हे बघायला प्लॅस्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटव आणि दुसऱ्या दिवशी काढ. आतून दव धरलं असेल तर रंगाऱ्याला परत पाठव.

गिलाव्याच्या आधीची दोन कामं मात्र अगदी आत्ताची. भिंतीत खोदलेल्या झिऱ्यांमध्ये पाण्याचे पाइप बसले की त्यांत दाब भरून तो रात्रभर टिकतो का बघ. आणि मग प्रत्येक भिंतीजवळ मोजपट्टी धरून फोटो काढ: पाइप कोपऱ्यापासून किती अंतरावर, वायरीची नळी जमिनीपासून किती उंचीवर. उद्या आरसा टांगायला कोणी ड्रिल घेऊन आला की हे फोटो सोन्याच्या मोलाचे. वायरिंग चालू आहे तोवर बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आहे ना तेही बघून घे. ते माणसाला झटका बसला तर वीज तोडतं. साधं एमसीबी वायर वाचवतं, माणूस नाही.

रंगाबद्दल मी कमी बोलेन, तो तुमचा प्रांत. पण छोट्या कार्डावर रंग ठरवू नका. दोन फूट बाय दोन फुटांचा पट्टा त्याच खोलीत, त्याच भिंतीवर मारा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावून बघा. दिवा कुठला यानेही रंग बदलतो. २७०० ते ३००० केल्विनचा दिवा पिवळसर, ६५०० चा निळसर पांढरा. पिवळसर दिव्याखाली राखाडी भिंत मळकट वाटू शकते. म्हणून दिवे आधी ठरवा, रंग नंतर. चकचकीत रंग धुवायला बरा, पण पुट्टीतला प्रत्येक खड्डा दाखवतो, तेव्हा मोठ्या भिंतीला मॅट आणि छोटीचे हात लागतात तिथे सॅटिन. डब्यावर शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत आहे असं छापलेलं असेल तोच रंग घ्या. मुलांच्या बाबतीत शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. छोटी खिडकीची चौकट चाटायच्या वयाची आहे, इथे तडजोड नको.

ओट्याचा दगड. संगमरवराचा फोटो सूनबाईने पाठवला, सुंदर आहे, पण तो ओट्याला नको. संगमरवर म्हणजे कॅल्साइट, मोह्सच्या १ ते १० च्या मापात कठीणपणा ३. आंबट रसाचा थेंब पडला की त्याची झिलई जाते, आणि तो डाग नसून दगडच खाल्ला गेलेला असतो, पुसून जात नाही. ग्रॅनाइट ६ ते ७ पर्यंत जातो, आणि गरम भांडं थेट ठेवलं तरी सहसा काही होत नाही. कृत्रिम क्वार्ट्झ दिसायला एकसारखा, डागही कमी, पण त्यातली रेझिन गरम पातेल्याने करपते. संगमरवर इतकाच मनात भरला असेल तर बैठकीतल्या कोनाड्याला लावा, तिथे तो वर्षानुवर्षं छान राहील.

ओट्याची उंची सुताराच्या सवयीवर सोडू नकोस. ओट्याशी उभं राहायचं, कोपर वाकवायचं, आणि कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली ओट्याची वरची कड घ्यायची. तू सूनबाईपेक्षा वीतभर उंच आहेस आणि स्वयंपाक तुम्ही दोघं करता, म्हणून दोघांची मापं घ्या. चिरण्याचा भाग एका उंचीवर आणि शेगडीचा थोडा खाली ठेवता येतो. कंबर आयुष्यभर पुरवायची आहे.

सुतारकामात बोर्ड कुठला आणि गोंद कुठला हे विचारा. फिनॉल फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवलेलं प्लायवूड पाणी सोसतं, युरिया फॉर्मल्डिहाइडचं सोसत नाही; सिंकखाली पहिलंच हवं. दुसऱ्या प्रकारातून फॉर्मल्डिहाइड वायू हवेतही जास्त सुटतो, आणि २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसात कर्करोग करणारा ठरवला. झोपायच्या खोलीतल्या कपाटांना हा वायू कमी सोडणारा 'ई झिरो' किंवा निदान 'ई वन' श्रेणीचा बोर्ड घ्या, सगळ्या कडा एजबँडने, म्हणजे कडेच्या पट्टीने, बंद करून घ्या, आणि राहायला जाण्याआधी काही आठवडे खिडक्या-कपाटं उघडी ठेवा. कपाटाच्या दाराला बाहेरून लॅमिनेट लावलं तर आतूनही लायनर, म्हणजे आतल्या बाजूचा पातळ थर, लावायचाच. एका बाजूला लावून सोडलं तर दार वाकतं.

खर्च वाढतोय असं लिहिलं आहेस. वाढतोच. माझं ऐकशील तर छताचं फॉल्स सीलिंग, भिंतीवरची पॅनेलं, बैठकीतलं टीव्हीचं युनिट हे सगळं आत्ता सोडून दे, ते दोन वर्षांनी राहत्या घरातही करता येतं. वॉटरप्रूफिंग, पाइप, वायरी, आणि ज्यांना रोज हात लागतो ते नळ, बिजागऱ्या, कड्या यांत मात्र हात आखडता घेऊ नकोस. बिजागरी हलकी निघाली की सगळं कपाट हलकं वाटतं.

न्हाणीघरात पाणी भरशील त्या दिवशी मला फोन कर, खुणेचा फोटो पाठव. आणि ओट्यासाठी दोघांच्या कोपराची मापं लिहून कळव, मी कागदावर आकृती काढून ठेवते, सुताराच्या हातात तीच दे. सूनबाईला आशीर्वाद, छोटीला पापा. बाबा जिन्याच्या कठड्याबद्दल वेगळं लिहिणार आहेत.

तुझी,
आई